तीन तलाव आणि सुट्टे पैसे

(मंडळाच्या जुलै महिन्यातील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत येथे युरोपच्या सहलीवर भाषण झाले. फार छान झाले, पडद्यावर फोटोही होते. आमच्याकडे पडदा नाही. आमची सहल राजवाड्याला सुरू झाली आणि राजवाड्यालाच संपली. चौघांचा मिळून खर्च ६८८ रुपये. हिशेबाची वही कन्येकडे आहे, ती सर्वांसाठी खुली आहे.

‘आम्ही आम्ही’ म्हणतो म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात. पण इंदुरात चार पिढ्या काढल्यावर हिंदीतला ‘हम’ मराठीत आला तर नवल नाही. शिवाय या सहलीत आम्ही खरोखरच चौघे होतो: आम्ही, सौ., नववीतली कन्या आणि आमचे बाबा. बाबा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यामुळे काही चुकीचे बोललो तर लगेच कळेल.

सहलीचे कारण आधी सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी बाबांची स्कूटर घराजवळच्या वळणावर घसरली. मनगटाला प्लास्टर लागले, तेवढ्यावर निभावले. पण वय पंचाहत्तर. आम्ही स्कूटरची किल्ली काढून कपाटात ठेवली. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. रोज राजवाड्याला चक्कर मारणारा, वाचनालयात भांडून पहिला दिवाळी अंक मिळवणारा हा माणूस घरात बसला. कुठे जायचे तर कुणाला तरी ‘सोडतोस का रे?’ विचारावे लागणार, आणि विचारणे त्यांच्या स्वभावात नाही. तीन महिने ते रामबागेच्या बाहेर पडले नाहीत. घर शांत होते. ती शांतता आम्हाला आवडत नव्हती, पण किल्ली परत द्यायचीही छाती होत नव्हती.

जानेवारीत वर्तमानपत्रात आले की रामसर करारानुसार इंदूर आणि उदयपूर यांना ‘वेटलँड सिटी’ म्हणजे पाणथळ जागांचे शहर अशी मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन शहरे. बाबांनी बातमी मोठ्याने वाचली आणि आम्हाला विचारले, “तू इतकी वर्षे सरकारी नोकरीत उपयंत्री आहेस. सिरपूरचा तलाव शेवटचा कधी पाहिलास?”

आम्ही गप्प. धार रोडवरून शंभरदा गेलो असू. पाहिला नव्हता.

मग ठरले. फेब्रुवारीतला शनिवार, गाडी न्यायची नाही, टॅक्सी बोलवायची नाही, मिळेल त्या बसने जायचे. सौ.ना वाटले आम्ही पैसे वाचवतो आहोत. तेही खोटे नव्हे. पण मनात दुसरे होते, बाबांच्या पायाखाली बसची पायरी आणायची.

सकाळी सातला राजवाड्यावर पोहे-जिलबी. त्याशिवाय इंदूरकराच्या अंगात इंजिन सुरू होत नाही. तिथून सिटी बस, गंगवाल स्टँडवरून पुढे धार रोड, आणि उतरून थोडे चालले की सिरपूर. होळकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा तलाव, सुमारे १६१ हेक्टर. २०२२ साली तो रामसर यादीत गेला. तिथे पाऊल टाकल्यावर रस्त्याचा आवाज हळूहळू मागे राहतो, आणि आधी पाणी दिसत नाही, आधी ऐकू येतात पक्षी.

बाबा आणि कन्या यांच्यात नावांवरून जुंपली. तिच्याजवळ मोबाइल, यांच्याजवळ जुनी नावे. काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले, ते ‘वारकरी’. चोचीच्या टोकाला पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके असलेले, ते ‘हळदी-कुंकू’ बदक. हे नाव ऐकून सौ. एकदम खूश झाल्या आणि पुढचा अर्धा तास दुर्बीण कुणालाच मिळाली नाही.

येथे एका नावाचा उल्लेख करायलाच हवा, ते म्हणजे आपल्या इंदूरचे भालू मोंढे. या तलावावर शिकार चालायची, कचरा पडायचा, काठ कुरतडले जायचे. त्या दिवसांत हातात कॅमेरा घेऊन हा माणूस आणि त्यांचे साथीदार येथे उभे राहिले, एक-दोन वर्षे नव्हे, अनेक वर्षे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या समाजातला माणूस म्हणून आपण सत्कार करतो, शाल देतो. पण त्यांनी राखलेला तलाव पाहायला आपल्यापैकी किती गेले, हे हात वर करून विचारायचा मोह आम्ही आवरतो. आमचा स्वतःचा हात फेब्रुवारीपर्यंत खालीच होता.

साडेदहाला बडा गणपतीजवळून देपालपूरची बस. ही खासगी. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे नेहमी विचारतात, तुमची एसटी कुठे? तर मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ २००५ च्या सुमारास गुंडाळले गेले, तेव्हापासून गावोगाव खासगी बसच धावतात. वेळापत्रक म्हणजे बस भरणे. बस भरली. बाबा उभे होते, एक कॉलेजचा मुलगा उठून म्हणाला, “बाबूजी, आप बैठिए.” बाबा म्हणाले, “नहीं बेटा, ठीक है.” कंडक्टर म्हणाला, “दादाजी, बैठ जाओ, हातोद तक रोड हिलाएगी.” बाबांचा चेहरा लाल झाला. आम्हाला वाटले, आता सहल संपली. गांधीनगरच्या पुढे पहिला जोराचा धक्का बसला तेव्हा ते बसले, आणि त्या मुलाची पिशवी मांडीवर घेतली. उतरताना कळले की पोरगा देपालपूरचा, वडिलांची शेती, डिप्लोमा करतोय. आमच्याच शाखेचा निघाला! बाबांनी त्याला आमच्याकडे बोट दाखवून सांगितले, “ये भी डिप्लोमा वाले हैं.” कौतुकाने की इशारा म्हणून, ते आम्ही विचारले नाही.

आता यशवंत सागर. गंभीर नदीवरचे हे धरण १९३०च्या दशकात, महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत झाले. सिरपूरच्या पाचपट मोठे, ८२० हेक्टरांच्या वर. हेही रामसर यादीत. आणि येथे आमच्यातला उपयंत्री जागा झाला, म्हणून दोन मिनिटे जास्त घेतो.

या धरणाला सायफन आहेत. दरवाजा उघडायला माणूस लागतो. रात्री पाऊस आला आणि माणूस झोपला तर? सायफनला माणूस लागत नाही. आपल्या आजीच्या देवघरात वसुदेवाचा पितळी पेला असे, आठवतो का? मध्ये वसुदेव, डोक्यावर बाळकृष्ण. पाणी ओतत गेले आणि ते कृष्णाच्या पायाला लागले की यमुना ओसरावी तसे सगळे पाणी पेल्याच्या बुडातून निघून जाते. आत वाकडी नळी लपवलेली असते. यशवंत सागराला तीच नळी, पण घराएवढी. जलाशय ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी त्या वाकातून पलीकडे पडू लागते, जाता जाता आतली हवा ओढून नेते, आणि मग सगळा सायफन भरून जोराने वाहतो. पातळी खाली आली की तोंडातून हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. वीज नाही, चौकीदार नाही. आमच्या पदविकेच्या पुस्तकात ही आकृती होती, परीक्षेत आम्ही ती काढून गुण मिळवले, पण घरापासून बसच्या अंतरावर ती उभी आहे हे कुणी सांगितले नव्हते. फेब्रुवारीत सायफन कोरडे होते. बाबांनी ते वाहताना पाहिले आहेत. ते हाताने दाखवू लागले, आवाज तोंडाने काढू लागले, आणि कन्या हसत सुटली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला.

पलीकडच्या शेतात सारसांची एक जोडी होती. फार लांब, पण ती उंची दुसऱ्या कुणाची नाही. दशम्या, लसणाची चटणी आणि सोबत सारस. जेवण झाले.

परतीची बस मात्र सव्वा तास आली नाही. ऊन चढले, सौ.नी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती येथील विवाहित सभासदांना समजावून सांगायला नको. त्या सव्वा तासात रस्त्याकडेच्या टपरीवर बसून बाबा बोलू लागले. त्यांचे लहानपण पाण्याच्या हंड्यात गेले. सिरपूर, बिलावली, पुढे यशवंत सागर, शहर यांच्यावर जगायचे आणि उन्हाळ्यात तरसायचे. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर आले तेव्हा बाबा कॉलेजात होते, घोषणा देऊन घसा बसला होता. १९७८ साली सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढून, नर्मदा शहरात आली. पुढच्याच वर्षी आमचा जन्म. म्हणजे आम्ही नळाला पाणी असतेच अशा इंदुरात जन्मलो. आणि बाबा म्हणाले, “नर्मदा आली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, आणि तलावांकडे पाठ केली. मी पण केली.”

हे आमच्या डोक्यात कधी आले नव्हते. जाता जाता एक गंमत: नर्मदा पश्चिमेला वाहते, पण आपण वापरून सोडलेले पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळेत, यमुनेत आणि गंगेत जाते. इंदूरकर नर्मदा पितो आणि गंगेला देतो. कसे देतो, ते कृष्णपुऱ्याच्या छत्रीजवळ नाकाला रुमाल लावून पाहावे.

बेतात चार तलाव होते. सव्वा तासाने पिपल्यापाला खाल्ला. भंवरकुआवरून खंडवा रोडने बिलावलीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. बिलावलीबद्दल फार सांगत नाही. तलाव तलावासारखा सुंदर आहे, काठावर मोठमोठी घरे आली आहेत. तलाव म्हणजे फक्त पाणी नव्हे, पाणी आणणारे ओहोळही. ते बुजले तर मधला खड्डा कितीही सजवा, भरणार कशाने? हे नोकरीतला माणूस म्हणून नाही, सभासद म्हणून बोललो.

रात्री आठला राजवाडा. बाबांचे गुडघे दुखत होते. ते त्यांनी कबूल केले नाही आणि जिन्यावर आम्हाला हातही लावू दिला नाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी आम्ही कचेरीतून घरी आलो तर बाबा घरात नाहीत. सौ. घाबरलेल्या. साडेसहाला आले, हातात सिटी बसचे तिकीट, खिशात शेंगदाण्यांची पुडी. पिपल्यापाल्याला जाऊन आले होते. “तुमचा राहिला होता ना,” एवढेच म्हणाले. आम्ही ओरडणार होतो. सौ.नी डोळ्यांनी थांबवले. त्यानंतर त्यांच्या खिशात घरच्या फोन नंबराची चिठ्ठी असते, आणि दर बुधवारी जेवण पाऊण तास उशिरा होते. स्कूटरची किल्ली अजून कपाटात आहे. त्यांनी एकदाही मागितली नाही, आम्हीही काढली नाही.

परवाच्या पावसात त्यांचा सिरपूरहून फोन आला. वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हते. पाणी किती चढले ते सांगत होते, फुटाफुटाने.

तर अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी पुढची फेरी आहे. सकाळी पावणेसातला राजवाड्यासमोर जमायचे. पाण्याची बाटली, डबा आणि दहा-वीसचे सुट्टे आपापले आणावे. कंडक्टर पाचशेची नोट पाहून जो चेहरा करतो तो आम्ही एकदा पाहिला आहे. नावे बाबांकडे द्यावीत. बुधवार सोडून.