खाला आणि निकाहनामा



आमची खाला गेल्या रमजानच्या आधी गेली. वय एक्याण्णव, म्हणजे आमच्या हिशेबानं. रेशनकार्डावर तिची जन्मतारीख १ जून होती, आणि १ जूनला जन्मलेली अर्धी जोगेश्वरी मी ओळखतो.

चिपळूणच्या खाडीकाठची ती. लग्न करून दाभोळहून आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली. १९६६ मध्ये तलाक झाला, पोस्टकार्डावर. पदरात दोन मुलं, मेहर बाकी. त्याच वर्षी १८ एप्रिलला तिच्याच तालुक्यातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लीम महिलांचा मोर्चा काढला. खालाला हे कळलं १९८५ मध्ये, शाहबानोचा निकाल गाजला तेव्हा. "सातच? मला सांगितलं असतं तर आठ झालो असतो," ती म्हणायची. खरंच गेली असती का, कोण जाणे. तेव्हा ती डझनाच्या भावानं शर्टांना काजं-बटणं करत होती. एक दिवसाचा खाडाही परवडत नव्हता.

"बिचारी" म्हटलेलं तिला खपत नसे.

घरात कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की खाला निकाहनामा आधी मागवायची. उर्दू चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचायची. मेहर किती? लगेच की नंतर? नंतर, तर कधी, तेही लिहा. तलाक घेण्याचा अधिकार मुलीलाही निकाहनाम्यात लिहून देता येतो, त्याला तफवीज म्हणतात, हे तिला एका वकीलबाईंनी सांगितलं होतं. माझ्या बहिणीच्या वेळी तिनं हट्टानं ते कलम घालायला लावलं. "लग्नाच्या बैठकीत तलाकची गोष्ट कशाला?" म्हणत वरपक्ष उठायच्या बेतात होता. खाला म्हणाली, "छत्री घेतली म्हणून पाऊस पडत नाही, भाईसाहेब." बहिणीचा संसार मजेत चाललाय.

२२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. आम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. खालानं विचारलं, "मग माझ्या पोस्टकार्डाचं काय?" सगळे गप्प. २०१९ च्या कायद्यानं नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, तीही तिला पटली नाही. तो आत गेला तर पोरांचा खर्च कोण देणार? मलाही तिचा हा प्रश्न रास्तच वाटतो.

सगळ्या भाच्या-पुतण्यांच्या निकाहनाम्यांच्या झेरॉक्स ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तो डबा आता बहिणीकडे आहे. पुढच्या महिन्यात आमच्या भाचीचा निकाह आहे. बहिणीनं कागद मागवलाय.