रक्तातले लोह

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्याने मलकापूर मागे पडले की आंबा घाटाचा रानमुलूख सुरू होतो. हा शाहूवाडी तालुका. मृगाचा पाऊस एकदा येथे धरला म्हणजे भाताच्या लावणीची धांदल उडते आणि तीत शाळकरी मुलींचेही हात लागतात. अशी एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी चढणीवर दम खाण्यास बसली किंवा वर्गात पेंगू लागली, की वडीलधारी माणसे तिला आळशी ठरवून मोकळी होतात. तिची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा, हे क्वचितच कोणाच्या मनात येते.

त्या वयात अंग झपाट्याने वाढते, त्यातच ऋतुप्राप्ती होऊन दरमहा रक्त जाऊ लागते. म्हणजे लोहाची गरज वाढते आणि व्ययही वाढतो. भात, नाचणी व पालेभाजी यांतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. शिवाय दूषित ओल्या मातीत अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमी शिरतात व आतड्यात राहून रक्त शोषतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आढळला. हे दुखणे डोंगरातले, असे समजून शहरातील सुशिक्षित घरांनी निर्धास्त राहू नये. शहरेही त्यातून सुटलेली नाहीत.

यावर सरकारी योजना आहे. सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलामुलींना शाळेत, व शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत, आठवड्यातून एक निळी गोळी द्यावयाची. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेप्रमाणे तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. जंतांचे औषध वर्षातून दोनदा. या फोलिक आम्लाचे मूळ मुंबईतच सापडते. १९२८ साली तेथे आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गर्भवती स्त्रियांच्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचे दाखविले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे या नावाने ओळखले गेले.

परंतु गोळी हातावर पडणे, ती पोटात जाणे आणि तिच्यातील लोह रक्तात उतरणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. उपाशीपोटी घेतली तर मळमळते; शौचास काळे होते. हे अपाय नाही एवढे आधी सांगितले नाही, तर एकीची भीती साऱ्या वर्गात पसरते आणि गोळ्या दप्तराच्या तळाशी जातात. म्हणून जेवणानंतर शिक्षकांनी डोळ्यांदेखत ती गिळवावी, असा दंडक आहे. शाळा सोडलेल्या मुलीवर मात्र अशी नजर राहणे कठीण. तिचेच लग्न लवकर होण्याचा संभव अधिक, आणि रक्तक्षय घेऊन ती बाळंतपणास सामोरी गेली तर धोका दोन जिवांना असतो.

हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे रक्तक्षय मानतात. ८ च्याही खाली गेले असेल तर आठवड्याच्या गोळीवर न विसंबता मुलीला दवाखान्यात न्यावे. घरच्यांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण अडवितो, लिंबू किंवा आवळा ते वाढवितो. डाळभातावर लिंबू पिळावे, आणि चहा तास-दोन तासांनी घ्यावा.