पहिल्या धड्याची राखण



तुम्ही मला या संमेलनाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलेत ते माझ्या कथांसाठी, हे मी जाणतो. पण कथांवर माझे पोट भरले नाही. एकतीस वर्षे मी तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवले, आणि आज बोलायचे ते त्याच नात्याने बोलणार आहे. आयोजकांनी मला ‘मराठी कथेचे भवितव्य’ असा विषय सुचवला होता. त्यांची क्षमा मागून तो बाजूला ठेवतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे एक प्रकरण होते. २०२३-२४ च्या पुस्तकात त्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ झाले, आणि शब्दाबरोबर उत्क्रांतीचा मजकूरही गेला. करोनाच्या काळात मुलांवरचे ओझे कमी करायचे होते, असे कारण दिले गेले. बारावीला जीवशास्त्रात हा भाग आहे, असेही सांगण्यात आले. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती असतात? कॉमर्सला जाणारी, आयटीआयला जाणारी, दहावीनंतर दप्तर खुंटीला अडकवून शेतात उतरणारी मुले त्या पानापर्यंत कधी पोचतच नाहीत. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपण लिहिणारी माणसे. आपल्यातल्या किती जणांनी त्यावर चार ओळी लिहिल्या? मीही तेव्हा लिहिल्या नाहीत. म्हणून आज बोलतो आहे.

या ओझ्याच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एक वैदिक संमेलन भरले होते. तिथे केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीर केले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहून ठेवलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून तो खोडला. त्यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळायला सांगितले. प्रकरण मिटले असे आपण समजलो. पाच वर्षांनी धडाच गेला. या दोन घटनांना बांधणारा पुरावा माझ्या हातात नाही, आणि नसलेला पुरावा मी दाखवणार नाही. पण मंत्र्याला जे हवे होते ते झाले, एवढे तर डोळ्यांना दिसते.

‘कुणी पाहिले?’ या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. माकडाचा माणूस झाला असे डार्विन म्हणत नाही. आजची माकडे आपले पूर्वज नव्हेत, भाऊबंद आहेत; दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एक. आणि पाहायचेच असेल तर कण्याच्या खालच्या टोकाशी हात न्या. मराठीत त्याला माकडहाड म्हणतात. नाव हा पुरावा नव्हे, पुरावा ते हाड आहे: शेपूट नसलेल्या प्राण्याच्या अंगातले, तीन ते पाच मणके जुळून झालेले शेपटीचे बूड.

पण याहून जवळचा साक्षीदार आपल्या शेतात आहे. बीटी कापूस २००२ साली आला. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार होते. कोट्यवधी अळ्यांत एखादीला जन्मतःच ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, तिचा पतंग होतो, आणि तिचा तो गुण पुढच्या पिढीत उतरतो. गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला गुजरातेत दाद देत नाही, हे २०१० साली बियाणे कंपनीनेच कबूल केले. त्याआधी, २००६ साली, दोन जनुकांचे बीटी बाजारात आले होते. तेही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झाले ते या मंडपात बसलेल्यांना मी सांगायला नको. आधी डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, दिसल्या. मग वरून हिरवेगार, टणक दिसणारे बोंड फोडावे तर आत पिवळी पडलेली नखी, पोखरलेली सरकी आणि सरकीत वळवळणारी गुलाबी अळी. वेचणीला माणूस लावणे परवडेना, तेव्हा लोकांनी उभ्या पऱ्हाटीत जनावरे सोडली, नांगर घातले. मंत्रिमहोदय, हे आमच्या पूर्वजांना पाहावे लागले नाही. आम्ही पाहिले, पंधरा वर्षांत पाहिले, आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजले.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचे नॉन-बीटीचे वेगळे पाकीट येत असे, आठवते? ते शेताच्या कडेने पाच ओळींत किंवा वीस टक्के क्षेत्रावर लावायचे असा सरकारी नियम होता. माझ्या चुलतभावाच्या घरी मी ते पाकीट खुंटीला लटकलेले पाहिले. दोन हंगामांची दोन पाकिटे, न फोडलेली. विचारले तर म्हणाला, ‘‘दादा, पैसे मोजून अळी पोसायची का?’’ त्याचा प्रश्न चोख होता. उत्तर त्याला कुणी दिले नव्हते. कृषी केंद्रवाल्याने नाही, कंपनीने नाही, आणि माझ्या घरातला माणूस असून मीही नाही. उत्तर असे की त्या ओळींवर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगल्या पाहिजेत. त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी जुगतात आणि होणारी पिल्ले पुन्हा बीटीला बळी पडतात. ती पाकिटे म्हणजे उत्क्रांतीला घातलेला लगाम होता. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेले पीक, लांब मुदतीची वाणे, चोरटे बियाणे ही कारणेही होतीच, नाही म्हणत नाही. पण ज्याला उत्क्रांती ठाऊक नाही त्याने ते पाकीट फेकून का देऊ नये? सरकारने नियम केला आणि नियमामागचे शास्त्र शेतकऱ्याला दिले नाही. आता तर त्याच्या पोराच्या पुस्तकातूनही काढले.

उत्क्रांतीच्या वादात अमेरिकेचे उदाहरण पुष्कळ लोक अर्धेच सांगतात. देवाने सगळे जीव आज आहेत तसे एकदाच घडवले, असे शाळेत शिकवा म्हणणारी चळवळ तिथे शंभर वर्षांची आहे. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरून शंभर डॉलरचा दंड ठोठावला होता. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत ही धर्मशिकवण विज्ञान म्हणून सक्तीची करणारा कायदा रद्द केला, तेव्हा त्या लोकांनी आपल्या एका पुस्तकाच्या मसुद्यात ‘निर्मिती’ होती तिथे ‘रचना’ घातले आणि तेच पुन्हा पुढे आणले. २००४ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या पालकांनी ही ‘रचना’ वर्गात आणणाऱ्या शाळामंडळाला कोर्टात खेचले. न्यायमूर्ती जॉन जोन्स स्वतः रिपब्लिकन, त्यांना नेमले होते जॉर्ज बुश यांनी. त्यांनी २००५ साली १३९ पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नाही. निकालाच्या आधीच गावकऱ्यांनी मतपेटीतून ते मंडळ घरी बसवले होते. आणि त्याच देशात ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे नॉन-बीटीच्या ओळी लावल्या, पुढे वांझ केलेले पतंग सोडण्यात आले. २०१८ साली तिथल्या कृषिखात्याने देशातल्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. अळी तीच आणि बीटीही तेच, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या घरातला युक्तिवाद. ‘दशावतारात उत्क्रांती आहेच की! मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह.’ २०१९ साली जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनीच हे व्यासपीठावरून सांगितले. मी कोकणात जागरणे करून दशावतार पाहिलेला माणूस आहे. पहाटे पेट्रोमॅक्सच्या उजेडात नरसिंह आला की आजही अंगावर काटा येतो. तो काटा मला हवा आहे, म्हणूनच त्या नरसिंहाला प्रयोगशाळेत ओढू नका, असे माझे म्हणणे आहे. अवतार कुणाला तरी तारायला येतो. त्याला हेतू असतो, करुणा असते. उत्क्रांतीत हेतू नाही. ती बोंडअळीलाही तारते. दोन्हींना एका गाडीला जुंपलेत तर भक्ती जाते आणि शास्त्रही जाते.

निवृत्त झाल्यानंतर एका शाळेने मला विज्ञानदिनाला बोलावले होते. भाषणाआधी संस्थाचालक कानात म्हणाले, ‘‘सर, ते डार्विनचे तेवढे राहू द्या, पालकांना आवडत नाही.’’ मी मान हलवली आणि ग्रहणावर बोललो. त्या दिवशी समोर सातवी-आठवीची दोनशे मुले बसली होती, बहुतेक कापूसवाल्यांची. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. बंदी हुकुमानेच येते असे नाही, ती अशी कानातूनही येते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ पासून नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. मी ते त्या दिवशी पाळले नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग दोनमध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. माकडहाड आणि अक्कलदाढ त्यात आहेत. आता राज्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणायचे ठरवले आहे. ही लाट आज ना उद्या दहावीपर्यंत येईल. त्या दिवशी हा धडा पुस्तकात राहिला पाहिजे. या संमेलनाने आज तसा ठराव करावा. तो मीच मांडतो, आणि पहिली सही माझी. मंडपाच्या दाराशी टेबलावर कागद ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी आपली सही करा.