मालिकेतले दुसरे पुस्तक
(मंडळाच्या गणेशोत्सवात वाचन गटाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी आम्हाला दहा मिनिटे मिळाली आहेत, तेव्हा थोडक्यात बोलतो.

बडोद्यात पुस्तकाविषयी बोलायला वेगळे निमित्त लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून येथे ग्रंथालयांची घडी बसवली. त्याच शहरात आमचा गट महिन्यातून एका रविवारी जमतो. गटात सातवी-आठवीची मुले आहेत, तशा सत्तरी ओलांडलेल्या आजीही आहेत. मुलांचे शिक्षण इंग्रजीत किंवा गुजरातीत, आजींचे वाचन मराठीत. म्हणून मुलांनी इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीतून सांगायचे, असा आमचा रिवाज पडला आहे.

यंदा आम्ही उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अर्थसी’ ही मालिका घेतली. पहिले पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ चे. बेटाबेटांच्या एका कल्पित जगात गेड नावाचा शेळ्या राखणारा, सावळ्या तांबूस वर्णाचा मुलगा जादूच्या विद्यालयात जातो, गर्वाच्या भरात एक काळी छाया मोकळी सोडतो आणि पुढे समुद्रापार तिचा पाठलाग करतो. या जगात प्रत्येकाला एक खरे नाव असते. ज्याला ते कळले त्याची सत्ता त्या माणसावर चालते. म्हणून ते अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगायचे. मुलांनी हे पुस्तक दोन आठवड्यांत फस्त केले.

मग दुसरे पुस्तक आले, १९७१ चे ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’, आणि गाडी अडली. तक्रारी सुरू झाल्या. गेड कुठे गेला? जादू कुठे आहे? नाव नाही, समुद्र नाही, विद्यालय नाही. वाळवंटातले एक देवस्थान, तिथल्या पुजारिणी आणि एक मुलगी, एवढेच. गेड येतो तो थेट पाचव्या प्रकरणात, आणि पुस्तक आहे बारा प्रकरणांचे. पहिल्या भागातले सगळे पुन्हा मिळेल या अपेक्षेने दुसरा भाग उघडणाऱ्याला हे जड जाते. आजींना मात्र पहिल्याच पानांनी धरून ठेवले.

त्या पानांत सफरचंदाच्या बागेत खेळणाऱ्या टेनार या लहान मुलीला आई घरी बोलावते आहे. बाप आईला बजावतो की पोरीत जीव गुंतवू नकोस, ती आपली राहायची नाही. देवस्थानची मुख्य पुजारीण ज्या रात्री वारली त्याच रात्री टेनार जन्मली, म्हणून तीच पुजारीण पुन्हा जन्माला आली असे ठरले आहे. पाच वर्षांची झाली की तिला नेतात. पुढे विधी होतो. तिचे नाव अंधारातल्या अनाम शक्तींना वाहिले जाते आणि तिला ‘अर्हा’ म्हणू लागतात. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘खाल्ली गेलेली’. हळूहळू ती आईचा चेहरा विसरते, बाग विसरते, नावही विसरते.

देवस्थानाखाली भुयारे आहेत आणि त्यांच्यापुढे चक्रव्यूह. तिथे दिवा नेण्यास बंदी. कुठले वळण कितवे हे अर्हा हाताने भिंत चाचपत, मोजत पाठ करते. त्या अंधाराची ती मालकीण आहे आणि कैदीही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिच्यापुढे तीन कैदी आणतात. त्यांना कसे मारायचे ते तिने सांगायचे असते. ती सांगते, आणि मग कित्येक रात्री स्वप्नांनी तळमळते. इथे मुलांची तक्रार बंद झाली.

आणि मग भुयारात जिथे उजेड कधी पडला नाही तिथे तिला उजेड दिसतो. काठीच्या टोकाशी प्रकाश धरून एक परका माणूस उभा आहे. तो गेड. पहिल्या पुस्तकातला आपला नायक इथे चोर म्हणून येतो. ती त्याला चक्रव्यूहात कोंडते आणि वरच्या झरोक्यातून पाहत राहते. तहानेने तो खचत जातो. त्याने जगायचे की मरायचे हे आता एका मुलीच्या हाती आहे. पहिल्या पुस्तकात आपण गेडच्या खांद्यावर बसून जग पाहिले. दुसऱ्यात शत्रूच्या देशातल्या मुलीच्या डोळ्यांनी गेडला पाहतो. दुसऱ्या पुस्तकाचे खरे काम हे असावे, असे आमच्या गटाचे मत झाले. गेड आला आहे एका तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग शोधायला. दुसरा अर्धा त्याला पहिल्या पुस्तकात एका ओसाड बेटावरच्या म्हातारीने दिला होता. मुलांनी तो प्रसंग किरकोळ म्हणून सोडला होता; आता ती पाने पुन्हा उघडली गेली.

शेवटी ती त्याला पाणी देते, आणि तो तिला तिचे नाव परत देतो: टेनार.

त्यावर गटात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, गेडने तिला सोडवले. एका मुलीने लगेच अडवले. जमीन हादरत असते तेव्हा ती तोलून धरण्यातच गेडची सारी शक्ती खर्ची पडते. वाट ठाऊक असते ती टेनारला. ती नसती तर तो आतच मेला असता. दोघांचेही म्हणणे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे.

त्याच बैठकीत आमच्यातल्या एक आजी बोलल्या. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल होती, अजूनही काही घरांत आहे. आजी म्हणाल्या, “नाव बदललं त्याचं मला वाईट वाटलं नाही. नवं नाव मला आवडलंही. पण जुन्या नावानं हाक मारणारा शेवटी एक भाऊच उरला होता. तो गेला, तेव्हापासून ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.”

सगळे गप्प झाले. मग आठवीतल्या एका मुलीने विचारले, “आजी, काय नाव होतं तुमचं?” त्यांनी सांगितले. ते आम्ही व्यासपीठावरून सांगणार नाही, ते त्यांचे आहे. पण त्या दिवशी घरी जाऊन अनेक मुलांनी आपापल्या आजीला तोच प्रश्न विचारला, आणि काहींना उत्तर प्रथमच कळले. एका घरात तर ते आजोबांनाही आठवून सांगावे लागले.

आपली लग्ने पुण्याहून, इंदूरहून, बेळगावहून सुना आणत झाली. त्या बायकांनी गाव सोडले, कित्येकींनी नाव सोडले आणि या शहरात मराठी घरे उभी केली. आपल्या वंशावळीत मात्र त्या बहुधा सासरच्याच नावाने उरल्या.

पुस्तकही नाव परत मिळाले की संपत नाही. बाहेर आल्यावर टेनार आनंदाने नाचत नाही. मोकळेपण तिला पेलवत नाही, मागे झालेल्या मृत्यूंचे ओझे तिच्यावर आहे, ती गेडवर रागावते, रडते. मुलांना हे नवे होते, आजींना नव्हते.

आता एक विनंती, आणि तेवढ्यासाठीच ही दहा मिनिटे मागितली होती. आपल्या स्मरणिकेत सभासद कुटुंबांची यादी छापली जाते. पुढच्या वर्षीच्या यादीत, ज्या भगिनींची इच्छा असेल त्यांचे माहेरचे पूर्ण नाव आणि गावही छापावे. सक्ती कुणावरच नको. ज्यांना आपले नाव स्वतःपाशीच ठेवायचे असेल त्यांनी ठेवावे. नावे गोळा करायला गटातली मुले दिवाळीनंतर घरोघरी येतील. त्यांना चहा दिला नाही तरी चालेल, पण दोन गोष्टी जरूर सांगा.

मालिकेचे तिसरे पुस्तक, १९७२ चे ‘द फार्देस्ट शोअर’, आम्ही पुढच्या रविवारी सुरू करतो आहोत. दुसरे वाचले नसले तरी या. मुले तुम्हाला मराठीतून सांगतील.

 गणपती बाप्पा मोरया!