आधी जेवण, मग पंचनामा



पत्रिकेवर विषय छापलाय 'आपत्तीनंतरचं अन्नवाटप आणि सरकारी निधी'. निधीचं गणित तुम्हाला ठाऊकच आहे. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, त्यात आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच की, पूरग्रस्ताच्या पुढ्यात आधी ताट यावं आणि पंचनामा मागून व्हावा. [टाळ्या]

२०१९ चा महापूर आठवा. कोल्हापूर-सांगलीकडे घरंच्या घरं बुडालेली, आणि ७ ऑगस्टच्या शासन निर्णयात मोफत धान्यासाठी अट काय, तर क्षेत्र दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली हवं! मिळणार काय, तर १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ.

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत लोकांना हलवलं होतं. आम्ही भाकऱ्यांची गाठोडी घेऊन तिथं पोचलो. व्हरांड्यात एक आजी गव्हाच्या पिशवीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गहू घावला बाबा, पर दळू कुठं?" गावची गिरणी पाण्यात, वीज नाही, घरातली गॅसटाकी वाहून गेलेली. पिशवीचा तळ भिजला होता. मी आत हात घातला, तर दाणे कोमट लागले. ओलं धान्य आतून तापतं. ती शाळा जगली शेजारगावांहून टेम्पोनं आलेल्या भाकरी-खर्ड्यावर.

आता जरा १८७७ मध्ये जाऊन येतो, लगेच परततो. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोजचं ठरवून दिलं एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी बजावलं की एवढ्यावर कष्टाचा माणूस टिकणार नाही. आपल्या मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. [मागून आवाज : "सार्वजनिक काका!"] बरोबर, गणेश वासुदेव जोशी. सभेनं जिल्ह्याजिल्ह्यातली हकिगत गोळा करून सरकारपुढं ठेवली. पुढं १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी फॅमिन कोडमधले हक्क मराठीत रयतेपर्यंत नेले. हे मी मुद्दाम लांबवतोय, कारण तेव्हाही सरकारला धास्ती हीच होती की गरज नसलेला माणूस फुकट खाईल. दोन दिवसांची अट मला त्याच धास्तीची वाटते.

पुढच्या रांगेत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मघापासून मान हलवताहेत. [हशा] "हिशेब कोण देणार?" असंच ना? प्रश्न रास्त आहे. आणि तलाठ्यांना मी बोल लावत नाही, कंबरभर पाण्यातून फिरलेले तलाठी मी पाहिलेत. पण त्यांच्याकडं द्यायला फक्त अर्ज होते. म्हणून म्हणतो, नदीकाठच्या ग्रामपंचायतीकडं जूनच्या आधी ठराविक रक्कम ठेवा, फक्त शिजवलेल्या अन्नासाठी. पहिले तीन दिवस त्यातून निघतील. दुकानदाराशी दर आधीच ठरवा. स्वयंपाक बचत गटाच्या बायका करतील, त्यांना मजुरी द्या. हिशेब ग्रामसभेत वाचा. जे पंगतीला होते तेच तो तपासतील, आणि त्यांच्याइतका कडक लेखापरीक्षक मिळणार नाही. [टाळ्या]

अध्यक्षांची चिठ्ठी आली. १९७२ ची सुकडी राहून गेली, तिला एक संध्याकाळ वेगळी लागेल. [हशा] तुमच्यापैकी बरेच जण नदीकाठच्या गावांचे आहात. १ मे ला ग्रामसभा आहे. उंचावरची शाळा कुठली, मोठी भांडी आणि शेगड्या कुणाच्या, शिधा कुठल्या दुकानातून उचलायचा, एवढं ठरावात लिहून घ्या. ठरावाची प्रत तहसील कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.