हातांचे रक्षण : एकदाच वापरावयाच्या हातमोज्यांची निवड



सुर्ला व डिचोली तालुक्यातील आसपासच्या गावांनी लोहखनिजाचा उद्योग फार जवळून पाहिलेला आहे. खनिज वाहणारे ट्रक आणि खाणीवरील यंत्रे यांच्या दुरुस्तीतून या भागात फिटर, वेल्डर व मेकॅनिक तयार झाले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा हातातील कसब हीच कामगाराची खरी पुंजी होय, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. या कसबाला आता नवी क्षेत्रेही खुली होत आहेत. पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. बार्देशातील पिळर्ण औद्योगिक वसाहतीत काचतंतू व कार्बनतंतू यांपासून विमानांचे भाग घडविले जातात. महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये विमानांचा कारखाना स्थापन झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणारा येथील तरुण आज ट्रकचे ग्रीस हाताळील, तर उद्या विमानाचे रेझिन. काम बदलले तरी हात तेच राहतात; म्हणून त्यांच्या रक्षणाचा विचार अगत्याचा आहे.

रबरी हातमोज्यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिका काम करीत. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने त्यांच्या हातांची त्वचा सोलून निघू लागली. तेव्हा १८८९-९० च्या सुमारास त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेण्यात आले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये हा उपयोग पुढे ध्यानात आला. प्रारंभी हेतू होता तो काम करणाऱ्याचे हात वाचविण्याचा.

आज बाजारात एकदाच वापरून टाकावयाचे हातमोजे मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. पहिला प्रकार नैसर्गिक रबराचा, म्हणजे लॅटेक्सचा. तो हाताला चांगला बसतो आणि पाणी व सौम्य रसायने यांच्या कामी उपयोगी पडतो. परंतु तेल, पेट्रोल व ग्रीस यांनी तो फुगतो आणि कमकुवत होतो. काहींना लॅटेक्समधील प्रथिनांची ॲलर्जीही होते. दुसरा प्रकार व्हिनाइलचा. तो स्वस्त असला तरी सैल बसतो व लवकर फाटतो. धूळ आणि कोरडी सफाई एवढ्यापुरताच तो ठीक. तिसरा नायट्राइल या कृत्रिम रबराचा. इंजिन-ऑइल, डिझेल, पेट्रोल व ग्रीस यांपुढे तो चांगला टिकतो. म्हणून गॅरेजमधील बहुतेक कामांना तोच योग्य ठरतो. वापरलेल्या इंजिन-ऑइलात कर्करोगकारक द्रव्ये असतात. ते वर्षानुवर्षे त्वचेला लागत राहणे धोक्याचे आहे, हे गॅरेजमधील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

मात्र नायट्राइल हा सर्व रोगांवरील एकच रामबाण नव्हे. ॲसिटोन व त्याच्या जातीची विद्रावके त्याला अल्पावधीतच भेदून जातात. कित्येक थिनरमध्ये हीच द्रव्ये मिसळलेली असतात. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हातमोज्याला छिद्र पडलेले नसतानाही रसायन त्याच्या थरातून झिरपून त्वचेपर्यंत पोहोचू शकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पातळ हातमोज्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. तो उडालेल्या थेंबांपासून रक्षण करतो. द्रवात हात बुडवून काम करण्यासाठी तो नाही. ॲसिटोनमध्ये सतत काम असेल, तर ब्यूटाइल रबराचे जाड हातमोजेच घ्यावेत. कोणता हातमोजा कोणत्या रसायनापुढे किती मिनिटे टिकतो, याचे कोष्टक उत्पादक देतात. खरेदीपूर्वी ते मागून पाहावे.

विमानबांधणीत व फायबरच्या होड्या बनविताना रेझिन आणि हार्डनर यांचा संबंध येतो. इपॉक्सी रेझिन व त्याचा हार्डनर यांचा दोष असा की, ते प्रथम काही त्रास देत नाहीत. महिनोन् महिने काम सुरळीत चालते आणि एके दिवशी हातांना खाज, पुरळ व सूज येते. एकदा शरीराला ही ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. पुढे अल्पशा स्पर्शानेही ती उफाळते आणि परिश्रमाने शिकलेला व्यवसाय सोडण्याची पाळी कामगारावर येते. यासाठी नायट्राइलचे हातमोजे एकावर एक असे दोन घालावेत, रेझिन लागताच वरचा काढून टाकावा आणि नवा चढवावा. त्वचेला रेझिन लागल्यास ते थिनरने कदापि पुसू नये. थिनर त्वचेतील स्निग्धांश काढून घेतो आणि रसायनाला आत जाण्यास वाट करून देतो. साबण व पाणी यांनीच हात धुवावेत.

हातमोजा केवळ हाताचेच नव्हे, तर कामाचेही रक्षण करतो. बोटांवरील घाम व तेल धातूच्या स्वच्छ पत्र्याला लागल्यास रंग किंवा चिकटद्रव्य नीट धरत नाही. हातमोज्यांतील भुकटीनेही तोच बिघाड होतो. म्हणून जोडकामासाठी भुकटीविरहित हातमोजेच वापरावेत. विमानाच्या बाबतीत कच्चा राहिलेला जोड म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ होय.

काही कामांत मात्र हातमोजा न घालणे हेच शहाणपणाचे ठरते. लेथ किंवा ड्रिल मशीन यांसारख्या फिरत्या यंत्रात हातमोजा अडकला, तर तो बोटांसह हात आत ओढून घेतो. तसेच पत्र्याच्या धारेपासून पातळ हातमोजा मुळीच वाचवीत नाही, आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तो वितळतो किंवा पेट घेतो. त्या कामांना त्यांचे स्वतंत्र जाड हातमोजे आहेत.

वापराचे नियमही साधे आहेत. योग्य मापाचा हातमोजा घ्यावा, नखे कापलेली असावीत. काढताना तो मनगटाकडून उलटा करीत सोलावा, म्हणजे बाहेरचा मळ हाताला लागत नाही. वापरलेला हातमोजा धुऊन पुन्हा घालू नये. तसे करणे ही काटकसर नव्हे. कोकणपट्टीच्या दमट हवेत आत घाम साचून त्वचा मऊ पडते. म्हणून मधूनमधून हात कोरडे करावेत. खोकी उन्हात ठेवू नयेत. व्हिनाइलचे हातमोजे जाळू नयेत, कारण त्यांतून घातक वायू निघतो.

रसायने व रंग यांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय रोग म्हणून नमूद होता. त्यावरून त्याचे गांभीर्य स्पष्ट होते. कार्यशाळेच्या मालकांनी एकाच स्वस्त जातीचे खोके सर्व कामांसाठी आणून ठेवू नये. शिक्षकांनी प्रात्यक्षिकापूर्वी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : ‘आज हाताला काय लागणार आहे?’ त्याचे उत्तर मिळाले की हातमोज्याची निवड सोपी होते. पालकांनीही मुलाच्या हातावरील पुरळ किरकोळ न समजता वेळीच वैद्याला दाखवावे. यंत्राचा मोडलेला भाग बदलता येतो. कारागिराच्या हाताला बदली नाही.