खराटा, केरसुणी आणि झाडणी

जवळा बाजारसारख्या गावात दिवस उजाडतो तो झाडलोटीने. या कामाला आपण एकच साधन वापरत नाही. अंगणाला खराटा लागतो, घरात केरसुणी, आणि शहाबादी फरशी आली तशी मऊ गवताची झाडणीही आली. प्रत्येक साधनाची घडण त्याच्या जागेप्रमाणे आहे.

खराटा तुरीच्या काड्यांचा, नाहीतर नारळाच्या हिरांचा. ताठ काड्यांमध्ये फटी राहतात, म्हणून पालापाचोळा ओढला जातो आणि माती जागेवर राहते. केरसुणी शिंदीच्या पात्यांची. पाती वाळवायची, चिरून बारीक करायची आणि मूठ घट्ट बांधायची. सारवलेल्या भुईवरचा केर ती नेमका काढते. गुळगुळीत फरशीवरच्या बारीक धुळीला मात्र गवताचे मऊ तुरेच हवेत. हे गवत मेघालयासारख्या ईशान्येच्या डोंगराळ राज्यांतून आपल्याकडे येते.

अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकातोंडात जाणार नाही. नवी गवताची झाडणी आधी बाहेर झटकून घ्या, तिचा भुसा निघून जाईल. केरसुणी ओली राहू देऊ नका, ती कुजते.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मीच म्हणतो. ही लक्ष्मी घडवण्याची कला प्रामुख्याने मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आज शिंदी कमी होत चालली आहे आणि प्लॅस्टिकचे झाडू दारोदार पोचले आहेत. एका दिवसाच्या पूजेवर या कारागिराचे वर्ष कसे निघावे?

केरसुणी घडवणाऱ्या हातांसारखेच झाडणारे हातही आठवावेत. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. ज्या कामाला लोक हलके समजत, तेच त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात 2000 साली सुरू झाले. त्यांचा आदर करायचा तर सुरुवात घरापासून करू या. केरसुणी बनवणाऱ्याकडूनच घ्या, घासाघीस न करता घ्या. आणि झाडणे एकट्या आईच्या, सुनेच्या वाट्याला ठेवू नका; घरातल्या पुरुषांनीही केरसुणी हाती घ्यावी.